पालथा पेला

‘आमचे बाबा गाडी चालवायचे.’ एवढं लिहून पोपटचं पेन पुन्हा अडलं. आठवडाभर ते याच जागी येऊन अडत होतं, हट्टी बैलासारखं. घरातल्या एका माणसाची गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहा, असं कॉलेजच्या सरांनी सांगितलं होतं. आज संध्याकाळपर्यंत ती दिली नाही, तर परीक्षेला बसू देणार नव्हते. म्हणजे वर्ष गेलंच. आणि एकदा वर्ष बुडालं की घरचे म्हणणार, पुरे झालं आता शिक्षण.

सकाळी कॉलेज, दुपारी बस स्टँडवर घोषणा करायची नोकरी, घरी गेलं की स्वयंपाक. लिहायला वेळ नाही, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची. पण खरं सांगायचं तर वेळेचं नुसतं निमित्त होतं. दिवसभर दुसऱ्यांनी लिहून दिलेली वाक्यं म्हणून म्हणून तिला स्वतःचं एक वाक्य धड सुचेना. ड्रायव्हर मंडळी तिला उगाच पोपट म्हणत नव्हती.

घोषणेच्या खोलीत दोघीच असायच्या, ती आणि मावशी. मावशी नात्यातली नव्हे, अख्ख्या स्टँडची. तिथल्या माइकचा लाल दिवा कधीचाच गेला होता. कंट्रोलरला सांगितलं की तो ‘बघू’ म्हणायचा आणि बघायचा मात्र नाही. शेवटी मावशीनंच तोड काढली. माइक चालू असेल तेव्हा टेबलावरचा पेला पालथा घालायचा, बंद असेल तेव्हा सरळ ठेवायचा. वर्षानुवर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

त्या दुपारी मावशीनं एका गाडीची घोषणा संपवली आणि तिला जोराचा ठसका लागला. चटकन पाणी पिऊन तिनं पेला खाली ठेवला, डोळे पुसले आणि पोपटच्या कागदाकडे पाहिलं. त्यावर अजून तेच एक वाक्य होतं.

“लिहू नकोस गं,” मावशी म्हणाली. “मला सांग. मी काही मार्क कापायची नाही.”

पोपटनं पेल्याकडे पाहिलं. पेला सरळ होता. मग ती सांगू लागली, आणि सांगताना तिचं तिलाच नवल वाटत होतं, कारण शब्द आपोआप येत होते. बाबा गाडी चालवायचे तेव्हा हॉर्नवरून अख्खी गल्ली त्यांना ओळखायची. मग एका दुपारी चेंडूमागे धावत एक पोरगं गाडीसमोर आलं. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली. पोराला खरचटलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी बाबा गाडीच्या दाराशी उभे राहिले आणि त्यांचा पाय काही उचलेना. डबा घेऊन आलेल्या तिनं ते लांबून पाहिलं होतं. नजर कमी झाली, असं सांगून त्यांनी याच स्टँडवर गाड्या धुवायचं काम मागून घेतलं. घरीही तेच सांगितलं. चष्मा लावू लागले.

“तो चष्मा मी एकदा लावून पाहिला, मावशी. साध्या काचा आहेत. बाबांचे डोळे ठणठणीत आहेत. ते घाबरतात. गाडी धुवून झाली की रोज ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसतात, स्टिअरिंग धरतात, किल्लीला हात लावत नाहीत, आणि उतरतात. कुणी बघत नाहीसं पाहून.”

तिनं डोळे पुसले आणि खिडकीच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर सगळे जागच्या जागी उभे होते. पिशव्या घेतलेल्या बायका, रांगेतली माणसं, तोंडाशी शिट्टी धरलेला कंडक्टर. सगळ्यांच्या माना वर, खांबावरच्या कर्ण्याकडे होत्या. एक जण वळून थेट तिच्या खिडकीकडे बघत होता.

मावशीनं झडप घालून माइकचं बटण बंद केलं.

“अगं,” ती कशीबशी म्हणाली, “ठसक्यात मी बटण बंदच केलं नाही. पेला तेवढा सरळ ठेवला.”

कर्णे स्टँडभर होते. गाड्या धुवायच्या जागेवरही होता, बाबांच्या अगदी डोक्यावर. ज्या ड्रायव्हरांसमोर त्या माणसानं इतकी वर्षं एक साधी काच सांभाळली, त्या सगळ्यांसमोर तिनं ती फोडली होती, आणि तीही कर्ण्यावरून. ती धावत सुटली. वाटेत माणसं बाजूला होत गेली, हे तिला आणखीच लागलं.

बाबा पाइप हातात धरून उभे होते. पाणी त्यांच्याच बुटांवर पडत होतं. चष्मा डोळ्यांवर नव्हता, घडी घालून खिशात ठेवलेला होता.

“बाबा, माइक चालू होता. मला खरंच...”

“कळलं ते.”

त्यांनी नळ बंद केला. ते ओरडतील, निदान तोंड तरी फिरवतील, असं तिला वाटलं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

“एक मात्र राहिलं तुझं,” ते म्हणाले. “ते पोरगं उठलं, चेंडू उचलला आणि माझ्याकडे बघून हसलं. हात हलवून टाटा केला. काय होणार होतं, त्याला कळलंच नाही गं. गाडीची काच समोर आली की तो हात दिसतो मला.”

एवढी वर्षं एका घरात राहून, ताटाशेजारी ताट मांडून तिला हे ठाऊक नव्हतं. हे आम्हाला का नाही सांगितलंत, असं तिनं विचारलं.

“सगळे चष्म्याचा नंबर विचारायचे,” बाबा म्हणाले.

तिनं भीत भीत विचारलं, लिहू का.

“आता झाकायला उरलंय काय? लिही. पण पोराचं घाल त्यात.”

मग मात्र पेन अडलं नाही. दुपारभर मावशीनं तिला माइककडे फिरकू दिलं नाही, कंट्रोलरची बोलणीही एकटीनंच खाल्ली. पोपट लिहीत राहिली. पोराच्या हाताशी गोष्ट संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं कागद पिशवीत ठेवले. निघण्याआधी एकाच गाडीची घोषणा करायची होती. गाडी नुकतीच धुवून झाली होती, प्रवासी रांगेत उभे होते.

तिनं खिडकीतून पाहिलं. बाबा पाइप गुंडाळून त्याच गाडीत चढत होते. रोजच्यासारखे ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्टिअरिंग धरलं. पलीकडे भिंतीशी ड्रायव्हर चहा पीत उभे होते. आता हे हसणार, असं तिला वाटलं. पण त्यांच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा वळला. मग एकेक करून सगळेच पाठमोरे झाले.

त्या गाडीच्या ड्रायव्हरनं तेवढं वळायच्या आधी तिच्या खिडकीकडे पाहिलं. तळहातानं त्यानं खूण केली, थांब जरा.

अशा वेळी म्हणायचं वाक्य टेबलावरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं, ‘तांत्रिक कारणामुळे’ पासून सुरू होणारं. पोपटनं तो पुठ्ठा बाजूला सारला, पेला पालथा घातला आणि बटण दाबलं. गाडी थोड्या उशिरानं सुटेल, असं तिनं सांगितलं. कारण सांगितलं नाही, आणि रांगेतल्या कुणी विचारलंही नाही.