मी जागची हलले नाही

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. दात झिजलेत, गुडघे कुरकुरतात, अंगावर माशी बसली तरी शेपूट हलवायचा कंटाळा येतो. पण ऐकायला बसलाच आहात, तर सांगते.

माझा जन्म एका चाबूकस्वाराच्या तबेल्यात झाला. चाबूकस्वार म्हणजे घोड्यांना स्वारीची सवय लावणारा. आमच्या मालकाच्या हातात मात्र चाबूक मी कधी पाहिला नाही. बायकापोरांनी बिनघोर बसावं अशी गरीब जनावरं तयार करायची आणि चांगलं घर बघून द्यायची, हा त्याचा धंदा. त्याचा एक नेम होता. तबेल्यात कुणाचं नाव ठेवायचं नाही. ते घेणाऱ्याच्या पोराने ठेवायचं, आणि एकदा ठेवलं की सौदा पक्का.

मला शिकवलं ते मालकाच्या लेकीने. ती मला नुसतं ‘बये’ म्हणायची. माझ्या पाठीवर आडवी पडायची, मुद्दाम घसरायची, मानेला लोंबकळायची. स्वार कलंडला की जागीच थांबायचं, हा धडा तिने असा घोटून घेतला की मी झोपेतही चुकले नसते. लेकीने घोडी नाही, पाळणा तयार केलाय, असं तिचा बाप येईल त्याला सांगायचा. ते कौतुकच आमच्या मुळावर आलं.

एके सकाळी एक बागवाला बायकोला आणि लहानग्या मुलीला घेऊन आला. मुलीला बसायला शांत घोडी हवी होती. मालकाने लेकीला खोगीर चढवायला सांगितलं. पोटाखालचा पट्टा, तंग म्हणतात त्याला, ती नेहमी कचकचून आवळायची. त्या दिवशी तिने तो सैल सोडला. मग माझ्या मानेला कपाळ टेकवून कुजबुजली, “आज तरी वेड्यासारखी वाग गं.”

अंगणाची अर्धी फेरी झाली आणि खोगीर फिरलं. चिमुरडी माझ्या पोटाखाली उलटी लोंबकळू लागली. पाय रिकिबीच्या कडीत अडकलेला. तिची आई किंचाळली, माणसं धावली. एक पाऊल टाकलं असतं, तर पोर चिरडलं असतं. मी कानसुद्धा हलवला नाही.

पोरीला सोडवल्यावर बागवाल्याने मला डोळे भरून पाहिलं. आता दुसरी घोडी बघायचीच नाही, म्हणाला. चिमुरडीने नाक पुसलं, माझा रंग न्याहाळला आणि नाव ठेवलं, बदाम. झालं, सौदा पक्का.

पाहुणे चहाला आत गेले. मालकाने तंग हातात घेऊन पाहिला.

“तू सैल ठेवलास ना?”

“ती पोरीला इजा होऊ देणार नाही, माहीत होतं मला. वाटलं, खोगीर फिरलं की त्यांचं मन फिरेल.”

“विकू नका, एवढं एकदा म्हणायचं होतंस, बाळा. मी वाट बघत होतो. तू बोलेनास, तेव्हा वाटलं, तुझी हौस फिटली.”

“पण नाव ठेवून आपलं म्हणायचं नाही, हा नेम तुमचाच ना, बाबा?”

मालक खाली बसून माझ्या खुरातली माती काढू लागला, जी सकाळीच काढून झाली होती. लेक तशीच उभी राहून रडली.

नव्या घरी माझी आबाळ झाली नाही, खोटं का बोलू? चिमुरडी माझ्या पाठीवर मोठी झाली, शिकायला दूर गेली. आता खरारा कधी होतो, कधी राहतो. पण अंगणात कुणी पोरगी धावली की माझी मान अजून वळते, ‘बये’ अशी हाक येईल म्हणून. तेव्हा एक पाऊल टाकायला हवं होतं, असं मला एकदाही वाटलं नाही. तरी जीव हळहळतो, त्याला काय करणार?

मित्रांनो, आमची निगा राखा, तंग नीट आवळा, खूर साफ ठेवा. आणि एखादं जनावर तुम्हाला हवं असेल, तर वेळेवर तोंड उघडून तसं सांगा. आम्हाला ते सांगता येत नाही. तुम्हाला येतं ना?