दारातली बाबागाडी

"पाच तारखेला तुझी बाबागाडी त्या दारात ठेवू नकोस, पोरी," फोनवरचा माणूस म्हणाला होता. "त्या दारात काहीच ठेवू नकोस."

आवाज म्हाताऱ्याचा होता. शांत, मध्येच खोकणारा. ब्रायनीने "आपलं म्हणणं खासदारांपर्यंत पोचवते," असं नेहमीचं वाक्य म्हटलं आणि फोन ठेवून दिला. त्याच सकाळी एकाने तिला सांगितलं होतं, की खासदार फॅरंटला दिव्याच्या खांबाला लटकवू आणि त्याचे फोन घेणाऱ्या सटवीला त्याच्या शेजारी. आदल्या दिवशी टपालाने एक दोरी आली होती, नीट फास बांधलेली. त्यापुढे बाबागाडीचं काय घेऊन बसायचं?

"नाव विचारलंस का त्याचं?" समोरच्या टेबलावरून ग्लेनिसने विचारलं. ग्लेनिस या ऑफिसात तीन खासदार पाहून बसलेली होती.

"नाही. ओरडत नव्हता तो."

"पोलिसांना सांग."

"काय सांगू? बाबागाडी हलव म्हणाला म्हणून?"

"मला मागच्या आठवड्यात एकाने कुत्र्याची घाण पाठवली, लाल फीत बांधून. त्या मानाने तुझा माणूस फारच रीतीचा म्हणायचा." ग्लेनिसने बिस्किट चहात बुडवलं. "पण सांग बाई. ऐक माझं."

ब्रायनीने सांगितलं नाही. एरवी ती अशी नव्हती. लेक मेबल दीड वर्षाची झाली तरी द्राक्षाचे चार तुकडे करून द्यायची, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. पण या ऑफिसात बसून बसून धोका मोजायचं तिचं माप बिघडलं होतं. जो ओरडतो तो धोक्याचा, एवढंच उरलं होतं. तरी त्या दिवशी बाबागाडी नेहमीसारखी ऑफिसबाहेर फुटपाथवर ठेवायची नाही, काचेच्या दाराच्या आत, जिन्याखाली ठेवायची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं.

देशाने युरोपातून बाहेर पडावं की नाही, यावर मार्लहर्स्ट गावाने तीन वर्षांपूर्वी मत दिलं होतं, आणि तेव्हापासून कशाचंच काही झालं नव्हतं. फॅरंटने कराराच्या विरोधात मत दिलं, कराराशिवाय बाहेर पडण्याच्या विरोधात दिलं, दुसऱ्यांदा जनमत घ्यायच्याही विरोधात दिलं आणि मुदत वाढवायच्या बाजूने दिलं. ज्यांना बाहेर पडायचं होतं ते त्याला गद्दार म्हणत. ज्यांना राहायचं होतं ते भेकड म्हणत. ऑक्टोबरची एकतीस तारीख, बाहेर पडायची नवी मुदत, आली आणि गेली, पुन्हा काही नाही. उलट ख्रिसमसच्या तोंडावर आणखी एक निवडणूक. त्या दिवशी फोनवर माणसं नुसती किंचाळत होती. खाटकाच्या दुकानातला रेजी पिलबीम नाव लपवून बोलायचा, पण तिला आवाज कळायचा. संगीत शिकवणाऱ्या मिसेस ऑर्म रडत शिव्या द्यायच्या आणि शेवटी "सॉरी हं, तुझ्यावर नाही," म्हणायच्या. सगळं गाव तिला चेहऱ्याशिवाय पाठ झालं होतं.

पाच नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिचा नवरा नेड स्वयंपाकघरातल्या आरशासमोर जळका बूच गालाला घासत उभा होता. चारशे वर्षांपूर्वी संसद उडवायचा कट फसला, त्याची होळी गाव दर वर्षी याच रात्री पेटवायचं. नेडचा बाप होळी मंडळात होता, आजोबाही. पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर, तोंडाला काजळी, हातात रॉकेलात भिजवलेल्या गोणपाटाची मशाल. दर वर्षी मंडळ एक पुतळा बांधायचं, कुणाचा ते आधी कुणालाही सांगायचं नाही. मिरवणूक गावातून फिरून मैदानात जायची आणि पुतळा तिथे जळायचा. मैदानातच. शंभर वर्षांत गावाच्या रस्त्यावर पुतळा पेटवला नव्हता.

"यंदा कोण?" तिने विचारलं.

"सांगायचं नसतं."

"बायको आहे मी तुझी."

"आज मला बायको नाही. काजळी लागली की नाव गेलं, ठाऊक आहे ना?" काळ्या तोंडात त्याचे दात चमकले. मेबल त्याच्याकडे बघून आधी हसली, मग ओठ काढून रडायच्या बेतात आली.

"गर्दीत नाही नेणार मी हिला. गेल्या वर्षी त्या फटाक्याने श्वास कोंडला होता तिचा. ऑफिसच्या वरच्या खोलीतून बघू. जाड काच आहे."

नेडचा हात गालावर थांबला.

"ऑफिसातून कशाला? घरीच बसा की."

"का?"

"काही नाही. धूर फार होतो त्या बाजूला."

तो बूच घासत राहिला. फटाक्यांची, गर्दीची, ठिणग्यांची काळजी करून करून तिने ती वरची खोली निवडली होती. आता धुराला भिऊन ती बदलायची तिची तयारी नव्हती.

रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांनी काचांवर फळ्या ठोकल्या होत्या. फॅरंटच्या ऑफिसाला फळ्या नव्हत्या. लंडनहून निरोप आला होता, की ते पेपरात बरं दिसणार नाही. फॅरंट स्वतः अर्थातच लंडनलाच होता. ब्रायनीने दार उघडून बाबागाडी आत घेतली, जिन्याखाली लावली, सशांचं विणकाम असलेलं पांघरूण तिच्यातच राहू दिलं आणि मेबलला कडेवर घेऊन वर गेली.

आधी ढोल आले. मग लोखंडी गाड्यांवरून पेटती डांबराची पिंपं खडखडत, ठिणग्या उडवत गेली. मेबलने तोंड तिच्या मानेत खुपसलं, पण रडली नाही. मग पुतळा आला.

दोन मजले उंच. लाकडी कुंपण, त्यावर, ना या बाजूला ना त्या, फतकल मारून बसलेला फॅरंट, आणि त्याला दोन डोकी, एक इकडे बघणारं, एक तिकडे. दोन्ही जिभा बाहेर. गर्दी खिदळली. इतक्या दिवसांत दोन्ही बाजूंची माणसं एकाच गोष्टीला हसताना तिने पहिल्यांदा पाहिली, आणि क्षणभर तिलाही हसू आलं.

गाडी मैदानाकडे वळली नाही. ऑफिससमोर येऊन थांबली.

"फॅरंट! बाहेर ये!"

"कुठल्या तोंडाने येईल? दोन आहेत त्याला!"

"दोन्ही भाजा!"

एक मशाल गेली. मग दहा. कुंपण भसकन पेटलं. एका डोक्यात भरलेले फटाके फुटले आणि ते डोकं धडापासून सुटून, जळत, सरळ दारावर येऊन आदळलं. काच फुटल्याचा आवाज झाला तसं गर्दीतलं काहीतरी सुटल्यासारखं झालं. तोवर खेळ होता. त्यानंतर विटा आल्या. मशाली भाल्यासारख्या फेकल्या जाऊ लागल्या. "जाळ! जाळून टाक भडव्याचं!" तो रेजी पिलबीम होता. तिने डोळे मिटून ओळखला असता. त्याच्या शेजारी एक बारीक, सुरेल आवाज सुटत होता, "तीन वर्षं! तीन वर्षं!" आणि प्रत्येक वेळी वीट. मिसेस ऑर्म. सगळे तिला फोनवर सांगायचे तेच आता करत होते.

तिच्या खिडकीची जाड काच तडकली. ब्रायनी मेबलला पोटाशी धरून जिन्याकडे धावली. जिन्यात धूर भरला होता. खाली, जिथे तिने सगळं विचार करून लावली होती, तिथे बाबागाडी पेटली होती. सशांचं पांघरूण टोकाकडून आत जळत चाललं होतं. खालून बाहेर पडायला वाट नव्हती.

ती परत फिरली, खोलीचं दार लावलं, फटीत स्वतःचा कोट कोंबला. मागच्या बाजूला एक लहान खिडकी, तिच्याखाली बेकरीच्या गोदामाचं उतरतं छप्पर. खिडकी रंगाने चिकटली होती. तिने टेलिफोन उचलला, रोज शिव्या ऐकवणारा तोच, आणि काचेवर हाणला. पुन्हा हाणला. तेवढ्यात रस्त्याकडच्या फुटक्या काचेतून तो आवाज आला.

"पोर आहे आत! अरे, बाबागाडी आहे त्या दारात! थांबा!"

आज तो ओरडत होता, तरी तिने ओळखला. मध्येच खोकणारा. ती पुढच्या खिडकीशी गेली. पट्ट्यांचा स्वेटर, काळं तोंड, इतर शेकडो माणसांसारखा एक माणूस गर्दीतून दाराकडे घुसत होता.

"फॅरंटचं पिल्लू असेल, होऊ दे भाजणी!" कुणीतरी हसलं.

"मागे हो म्हाताऱ्या!"

दोघांनी त्याला धरलं. त्याने एकाच्या पोटात कोपर मारलं. दुसऱ्याने मशालीचा दांडा त्याच्या तोंडावर घातला, एकदा, आणि तो गुडघ्यावर आल्यावर पुन्हा, पाठीत. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज तिला वरपर्यंत आला. तो चार पायांवर पुढे सरकला आणि तसाच जळत्या दारातून आत गेला.

"ती माझ्याजवळ आहे!" ब्रायनी किंचाळली. "वर आहे ती! रिकामी आहे गाडी!"

ढोल अजून वाजत होते. कोणाला ऐकू गेलं नाही.

तो पेटलेली बाबागाडी ओढत बाहेर आला. रस्त्याच्या मधोमध तिच्यावर ओणवा झाला आणि उघड्या हातांनी जळत्या पांघरुणात चाचपू लागला. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून, पुन्हा पुन्हा, जे नव्हतं ते शोधत. वितळलेलं प्लास्टिक बोटांना लागून तार धरत होतं. भोवतीची माणसं आता मागे सरकली होती. "कुठंय ती?" तो म्हणत होता. "कुठंय?"

धूर दाराखालून आत आला. तिला मागे जावंच लागलं.

मागची खिडकी फोडून ती मेबलला घेऊन गोदामाच्या छपरावरून बसून घसरली, काचेने मांडी फाटली. खाली अंगणात नेड उभा होता, हात पसरून. त्याने मेबलला झेललं, मग तिला.

"मी पळतच आलो, मागून, मला वाटलंच की तू इथे..."

"तुला ठाऊक होतं."

"इथे पेटवायचा एवढंच ठरलं होतं, ब्रायनी. फक्त रस्त्यावर. विटांचं कुणीच..."

तिने मूठ आवळून त्याच्या तोंडावर मारली. जीव खाऊन. त्याचा ओठ दातावर फाटला. तिने पुन्हा मारलं. मेबल त्याच्या हातात होती म्हणून त्याला तोंड झाकता आलं नाही, आणि हे तिला दिसत होतं, तरी तिने तिसऱ्यांदा मारलं. मेबल किंचाळायला लागली तेव्हा तिचा हात थांबला. बोटांना रक्त आणि काजळी लागली होती. तिने पोर त्याच्याकडून हिसकून घेतली.

बंब आला तोवर रस्त्यात बाबागाडीचा नुसता सांगाडा उरला होता. तो माणूस नव्हता.

पोलिसांनी साऱ्या गावाला विचारलं. काजळी लागली की नाव गेलं, त्यामुळे कुणीच कुणाला पाहिलं नव्हतं. ब्रायनीने रेजीचं नाव सांगितलं, मिसेस ऑर्मचं सांगितलं, नेडला काय ठाऊक होतं तेही सांगितलं. नेड आता त्याच्या आईकडे राहतो. पण जळक्या हातांचा माणूस कोण, हे मंडळातल्या एकानेही सांगितलं नाही. त्याने आपल्याच माणसांना कोपर मारलं होतं, आणि गुपितही फोनवर त्यानेच आधी फोडलं होतं, हे आता त्यांना कळलं होतं. कुठल्याच इस्पितळात तो गेला नव्हता. तिथे नाव सांगावं लागलं असतं.

ब्रायनी आता ग्लेनिसच्या घरून फोन घेते. पुन्हा तोच खोकला येईल म्हणून प्रत्येक वेळी आधी ऐकत राहते. येत नाही. मग तिने एक कागद लिहिला आणि बेकरीत, टपालघरात, चर्चच्या दारावर लावला. पोलिसांसाठी नाही, असं वरतीच लिहिलं. खाली एवढंच होतं:

तुमच्या गल्लीत एखादा म्हातारा एकटा राहत असेल, पाच तारखेपासून दिसला नसेल, दुधाची बाटली दारातच राहत असेल, तर आज जाऊन बघा. मध्येच खोकतो, हळू बोलतो. त्याला सांगा, गाडी रिकामी होती, मेबल बरी आहे. एकदा दार वाजवून परत फिरू नका. हातांनी त्याला कडी काढता येत नसेल.