आफार

इसहाकने चांदीची काडी पुढच्या ओळीवर सरकवली, घसा खाकरला आणि एक शब्द ओलांडून तो पुढे गेला.

“थांबा, काका.”

आवाज मागच्या बाकावरून आला. इसहाकची काडी जागीच थांबली. गावातले इस्राएली, म्हणजे यहुदी लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. त्या शनिवारी मशिदीत मोजून दहा पुरुष होते, आणि त्यांतला दहावा म्हणजे हा बोलणारा. शमुवेल. इस्राएलला जायला निघालेल्यांना हिब्रू अक्षरं शिकवायला मुंबईहून आलेला पंचविशीतला मास्तर.

“एक शब्द राहिला,” शमुवेल उभा राहून म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता, उलट जरा संकोचच होता. “आफार. तो राहिला तर ओळीला अर्थ उरत नाही.”

बाकीच्यांना हिब्रू वाचता येत होतं ते ठरलेल्या प्रार्थनांपुरतं. तोरा, म्हणजे देवाच्या पुस्तकाची हाताने लिहिलेली गुंडाळी, वाचायची ती इसहाकने. त्याच्या आधी त्याच्या बापाने वाचली होती. गुंडाळीत लिहिलेला एक शब्द जरी गाळला तरी वाचन पुरं होत नाही, मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं, हे इसहाकला या मास्तरच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं.

त्याने काडी मागे घेतली.

लढाईच्या वर्षांत खाडीकाठच्या गावांतून पटकीची साथ फिरली होती. इसहाकच्या तेलाच्या घाण्यावर खेळणारी त्याची दोन्ही मुलं, मोठी सिम्हा आणि धाकटा एलोजी, एकाच आठवड्यात गेली. दफनाच्या क्रियेला दुसरा कोणी वाचणारा नव्हता, म्हणून बाप असूनही इसहाकनेच दारात उभं राहून वाचलं होतं, ‘की आफार आत्ता’. आतून त्याच्या बायकोने, मिल्काबाईने विचारलं होतं, “काय म्हणालात तुम्ही माझ्या पोरांना?” त्याने सांगितलं होतं, “माती.”

त्यानंतर काही दिवसांनी, दरसाल याकोबाच्या स्वप्नाचा भाग वाचतात तो शनिवार आला. त्यातल्या एका ओळीत तोच शब्द होता. त्याने तो उच्चारला आणि बायकांच्या पडद्याआडून एक हंबरडा फुटला. इसहाकच्या कानात तो अजून होता. दुसऱ्या वर्षापासून तो शब्द आला की इसहाक खाकरू लागला. देवाच्या पुस्तकातला शब्द गिळायचा म्हणजे पाप, आणि त्याने ते पाप बायकोसाठी जाणूनबुजून पत्करलं होतं.

आता त्याने ओळ पहिल्यापासून घेतली. “वेहाया झरअखा...” तो थांबला. कान पडद्याकडे लागले. पडद्याआड आज मिल्काबाई होती, पुतण्या हाइमची बायको होती, आणखी दोघी-तिघी. “कआफार हाआरेस.”

पलीकडून काहीच आलं नाही. एक बांगडी तेवढी वाजली.

त्याने उरलेलं वाचन संपवलं. हाइमने गुंडाळी उचलून कपाटात ठेवली. हाइम आणि त्याचे दोघे भाऊ येत्या बुधवारी बोटीने मुंबईला आणि तिथून इस्राएलला जाणार होते. ते गेले की दहा पुरुष भरणार नव्हते, आणि दहा भरले नाहीत तर गुंडाळी बाहेर काढता येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी शमुवेल घरी आला. उंबऱ्याबाहेरच घुटमळला.

“काका, मी चारचौघांत बोलायला नको होतं. बाहेर मला हाइमने सांगितलं... मुलांचं. मला ठाऊक नव्हतं.”

“तुझं काय चुकलं?” मिल्काबाई आतून म्हणाली. “शिकवलं तसं केलंस. ये, बस.”

शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याच्या पवित्र दिवशी, चूल पेटत नाही. तिने शुक्रवारीच भिजवून ठेवलेले गूळखोबऱ्याचे पोहे बशीत घालून त्याच्यापुढे ठेवले आणि स्वतः खाली, खांबाला टेकून बसली.

“मास्तर, ती ओळ काय सांगते रे? सगळी सांग मला.”

“राहू दे, मिल्का,” इसहाक बाकावरून म्हणाला.

“त्याला सांगू द्या.”

शमुवेलने इसहाककडे पाहिलं, मग बशीकडे. “याकोब घर सोडून निघालेला असतो. रानात दगड उशाला घेऊन झोपतो. तेव्हा देव त्याला स्वप्नात सांगतो, तुझी संतती भूमीच्या धुळीसारखी होईल. मोजता येणार नाही इतकी. पश्चिमेला, पूर्वेला, उत्तरेला, दक्षिणेला तू पसरशील.”

“धूळ म्हणजे आफार.”

“हो. पण नुसती मढ्यावर लोटायची माती नव्हे, काकू. जिच्यात बी रुजतं तीही आफारच. आमचे गुरुजी म्हणायचे, धुळीला सगळे तुडवतात, पण तुडवणारे जातात आणि धूळ राहते.”

“दोन्हीला एकच शब्द?”

“एकच.”

मिल्काबाईने मान हलवली. “बरं झालं सांगितलंस. खा ते पोहे.”

त्याने कसेबसे चार घास खाल्ले, बशी धुवायला नेऊ लागला तर तिने ती काढून घेऊन स्वतःच विसळून ठेवली. तो गेला तेव्हा उन्हं माडांच्या मधोमध आली होती. शेजारच्या यूनुसकडे कुणीतरी ओली जाळी झटकत होतं.

इसहाक म्हणाला, “मी तुला सांगितलं न्हाय, कारण ते मेल्या पोरांच्या आईला सांगण्यासारखं न्हाय. धुळीइतकी संतती! मला तो शब्द तुझ्या कानांवर पडू द्यायचाच नव्हता.”

“तुम्ही तो गाळता, मला ठाऊक होतं.”

तो बाकाच्या कडेपर्यंत पुढे सरकला.

“दरसाल तिथे आलात की खाकरायचात. मी मनात म्हणायचे, न्हाय म्हणवत त्यांना, तर राहू दे. देव काय एका शब्दासाठी अडून बसणार हाय?”

“मला न्हाय म्हणवत?” इसहाकचा आवाज चढला. “अगं, तूच रडलीस म्हणून ना! त्या पहिल्या शनिवारी पडद्याआड...”

“मी मशिदीत नव्हतेच त्या दिवशी.”

“नव्हतीस कशी?”

“मी पोयनाडला, आईकडे होते. पोरं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मलाही पटकीनं धरलं. तुम्हीच गाडीत घालून नेलंत की मला. महिनाभर उठवत नव्हतं.” ती अगदी हळू बोलत होती, तापलेल्या माणसाशी बोलावं तशी. “हाइमच्या आईनं सांगितलं मला मागून. म्हणाली, इसहाकभाऊंनी पोथीवर डोकं टेकलं आणि असे ओरडले, की बायकासुद्धा पडदा सारून बघायला लागल्या.”

इसहाकला गाडी आठवली. गाडीतलं गवत, तिचे पांढरे पडलेले ओठ, पोयनाडच्या वाटेवर बैल पाण्याला थांबले होते ते. सगळं आठवलं. फक्त तो हंबरडा अजूनही पडद्याआडूनच येत होता.

“हाइम काल विचारत होता,” ती म्हणाली, “काकू, पोरांच्या कबरी सोडून तुम्ही खरंच इस्राएलला येणार न्हाय का? मी त्याला विचारलं, कोण म्हणतं असं? तर म्हणाला, काका.”

“तू येशील?”

“तुम्ही मला विचारलंत कधी?”

बाहेर जाळी झटकणं थांबलं होतं. मिल्काबाईने रिकामी बशी मांडीवर घेतली, पदराने ती पुसू लागली. कोरडी होती, तरी पुसत राहिली.

“पोरं माझीही होती,” ती म्हणाली. “मी आजारी, म्हणून मला सुतकाचे सात दिवस अनवाणी, जमिनीवर बसायला मिळालं न्हाय. बरी होऊन आले तर इथे सगळं आटोपलेलं. आणि तुम्ही असे, की घरात तुम्हांलाच सांभाळायचं. माझ्या नावानं तुम्ही इतकी वर्षं रडलात. मला रडायला जागाच उरली न्हाय.”

तिचा आवाज चढला नाही. फक्त बशी पुसणारा हात थांबला, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. आधी आवाज आला नाही. नंतर आला तो इसहाकने आयुष्यात कधीच न ऐकलेला होता. बारीक, तुटका, दम लागलेल्या मुलासारखा.

शब्बाथ संपायला अजून बराच अवकाश होता. शब्बाथच्या दिवशी सुतकाला बसत नाहीत, शोक करत नाहीत. गावात कोणालाही काही अडलं तर हा नियम इसहाकच सांगत असे.

त्याने पायांतल्या वहाणा काढून भिंतीशी ठेवल्या. बाकावरून उतरला, आणि तिच्याशेजारी, खाली जमिनीवर बसला.