घाव नसलेला द्राखमा

मित्रांनो, क्षणभर समजा, की तुमच्या पोटात काय आहे हे तुमचे तुम्हालाच ठाऊक नाही. बाहेरून चांदी, पण आत तांबे असेल तर? माझे निम्मे आयुष्य याच धाकधुकीत गेले.

मी एक जुना द्राखमा आहे, दिऱ्हाखियोन बंदराच्या टाकसाळीत पाडलेले चांदीचे नाणे. माझ्या एका अंगाला वासराला पाजणारी गाय, दुसऱ्या अंगाला चांदण्यांची नक्षी. आमच्याकडे माणसे नाणी गालात ठेवतात. रोमची गलबते येऊ लागल्यापासून मी या गालातून त्या गालात नुसता पळतो आहे. आमची मागणी वाढली तशी लबाडांनी तांब्यावर चांदीचा पत्रा चढवला आणि आमचे सोंग काढले. मग दुकानदार छिन्नी घेऊन बसू लागले; नाण्यावर घाव घालून आत काय आहे ते पाहू लागले. माझ्यावर मात्र कधी घाव पडला नव्हता. मला त्याचा कोण गर्व!

एकदा मी फिलिस्ताच्या गालात होतो. ती गलबतांची शिडे शिवायची. तिचे दूध आटले होते आणि पाठीवरचे तान्हे भुकेने रडत होते. लेक मिक्काला घेऊन ती डोंगरातल्या प्लातोरकडे दुभती शेळी घ्यायला गेली. तिने सगळी नाणी त्याच्यापुढे ठेवली.

"वहिनी, बाकीच्यांवर घाव आहेत. हाच कोरा कसा?"

"नशिबाचा असेल, दादा."

"नशिबाचा की तांब्याचा? मागे असाच एक गोरागोमटा आला आणि माझा बोकड घेऊन गेला."

"आत तांबं निघालं तर?"

"तर तांबं तुमचं, शेळी माझी."

माझ्या जागी ठेवायला फिलिस्ताकडे आणखी नाणे नव्हते. तिने होकारार्थी मान हलवली. प्लातोरने मला दगडावर ठेवले आणि गाईच्या पोटावर छिन्नी टेकवली.

"थांबा काका, वासरू पितंय," मिक्का म्हणाली आणि तिने मला पालथे केले. "आता मारा."

"अगं, नाणं आहे ते."

"मग? उलटं मारलं तर कळत नाही का तुम्हाला?"

प्लातोर दाढीत हसला. हातोडा पडला. त्याने वाकून पाहिले.

"चांदी. आतपर्यंत चांदी," म्हणत त्याने शेळीचे दावे सोडले. फिलिस्ता तिथेच धार काढायला बसली.

मित्रांनो, पारखणाऱ्यावर माझा राग नाही. पारखावे लागते. पण ज्याला घाव बसतो, त्याच्याकडेही एकदा पाहत जा.

प्लातोरने मला घ्यायला हात पुढे केला, तोच मिक्काने मला उचलले, ओठांजवळ धरले आणि घावावर हळूच फुंकर घातली.