देवाला वाहिलेली

झुंबरबाईने नेहमीसारखा सभामंडप झाडला, समया घासल्या आणि ती फुलं निवडायला बसली. उंद्रीपासून दोन कोसांवरच्या त्या खेड्यात विठ्ठलाच्या देवळामागे पत्र्याची एक खोली होती. तिच्यात ती आणि तिची मुलगी पुष्पांजली राहत होत्या.

आदल्या वर्षी तिचा नवरा शालिग्राम कपाशी फवारताना शेतातच कोसळला. बीटी बियाण्याच्या कपाशीला अळी लागत नाही असं सगळेच म्हणत, पण त्या साली बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघे. तोंडाला नुसता रुमाल बांधून तो तीन दिवस भर उन्हात विषारी औषध फवारत राहिला. चौथा दिवस त्याने पाहिला नाही.

झुंबरबाई माहेरापासूनच भजन गाणारी. दुःखात ती देवाकडेच वळली. दीर कारभारी म्हणाला, "वैनी, आता तुमचं काय राह्यलं संसारात? सगळं देवाले वाहून टाका." तिला ते पटलं, अगदी मनापासून. बांगड्या, रंगीत लुगडी, शालिग्रामच्या वाट्याचं तीन एकर, सगळं तिने सोडलं. गावच्या बाया तिच्या पाया पडू लागल्या. त्याच बाया घरच्या हळदीला मात्र तिला बोलावत नसत.

पुष्पांजली नववी पास झाली. दहावीला चिखलीला, एस्टीने जायचं होतं. अधिक महिन्याचा सप्ताह सुरू होता. कारभारी देवळात आला.

"शाळा काऊन पाह्यजे आता? काल्याच्या कीर्तनात महाराज सांगतीन, पोरगी बी देवाले वाह्यली म्हणून. मायसारखीच."

झुंबरबाई समईची वात सारखी करत राहिली. खोली देवळाची, जेवण देवळाचं, देवाला सोडलेलं शेत दिराच्या ताब्यात. नाही म्हणून जायचं कुठे?

दुपारी कढई घासता घासता पुष्पांजली म्हणाली, "माय, मले देव आवडते व. पण मले शाळेत जाचं हाय."

"असं बोलू नाही बाई."

"तुले तरी कोनी इचारलं होतं का, माय?"

झुंबरबाईने राखेची मूठ भरली आणि घासून झालेली कढईच पुन्हा घासायला घेतली. तो प्रश्न दुसऱ्या दिवशीही तिच्या मनात घोळत होता.

काल्याच्या दिवशी मांडव भरून गेला. महाराज समर्पणावर बोलत होते. "'मी' गेला की देवच उरतो." झुंबरबाईचे डोळे भरले. भजन म्हणताना हे तिने अनुभवलं होतं. तेवढ्यात कारभारीने पुष्पांजलीचा दंड धरून तिला पुढे ओढलं. महाराजांनी हार उचलला. मुलगी मान खाली घालून उभी होती.

झुंबरबाई उठली. ती पाया पडायला चालली, असंच बायांना वाटलं.

"महाराज, थांबा," ती म्हणाली. "माह्य होतं ते मी देवाले देल्लं. पोरीचा 'मी' पोरीपाशी हाय. तो मले देता येत नाही, अन् भाऊजीले बी नाही."

"वैनी, देवाचा कोप होईन!"

"माह्या देवाले मी ओळखतो, भाऊजी. तो हिसकून घेत नाही. अन् शेत मी देवाले सोडलं होतं, तुम्हाले नाही."

तिने मुलीचा हात धरला आणि ती मांडवाबाहेर पडली. संध्याकाळी त्या परतल्या, तर खोलीला देवळाचं कुलूप लागलेलं होतं.

आता त्या दोघी उंद्रीत एका पडवीत भाड्याने राहतात. झुंबरबाई दुसऱ्यांच्या कपाशीत निंदायला जाते आणि निंदताना भजन म्हणते. पुष्पांजली सकाळच्या एस्टीने चिखलीला जाते. शेत अजून कारभारीच पेरतो आणि झुंबरबाईचे तहसीलचे हेलपाटे संपलेले नाहीत. गाव म्हणतं, तिची भक्ती कच्ची निघाली.

त्या मांडवात चारेकशे माणसं होती. मुलीला ओढताना सगळ्यांनी पाहिलं. उठली ती एकटी तिची आई. बाकीचे महाप्रसादासाठी थांबले. त्या पंगतीत आपण कुठे बसलो होतो, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं.