भर दुपारचा बिघाड

१९९६ साली जैनथच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा कॉम्प्युटर ऑफिसातल्या कॉम्प्युटरला अंगणावरून ताणलेल्या केबलनं जोडला होता, आणि रोज भर दुपारी ती जोडणी तुटायची. नागपूरहून मुक्कामाला आलेल्या इंजिनीअरनं दोन दिवस कॉम्प्युटरमधली नेटवर्कची कार्डं बदलली आणि "असेंबल केलेल्या मशीनचं असंच असतं," म्हणून हात झटकले.

दोन्ही मशीन कारकून इंदूबाईनं सुटे भाग आणून स्वतः जुळवल्या होत्या. तिचं टाळकंच सटकलं. केबल चाचपत ती अंगणात गेली, तर नंबराची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांची ओली धोतरं केबलवरच वाळत होती. भारानं टोकाचा जोड ढिला पडत होता. तिनं एकेक धोतर उतरवलं. शेवटचा जाड टॉवेल उचलला, तसे मालक आतून ओरडले, "आली, आली, जोडणी आली!"

इंदूबाईनं टॉवेल इंजिनीअरच्या खांद्यावर टाकला. "सायब, मशीन चांगली हाय. तुमचा टॉवेल तेवढा दुसरीकडं वाळवा."