भेगेशेजारचा सात नंबर

जमिनीखाली दोन किलोमीटर खोल, खाणीतल्या एका भोकात सिमेंटने पक्का बसवलेला मी एक जुना जिओफोन आहे. मित्रांनो, जिओफोन म्हणजे खडकाची हालचाल ऐकणारा कान. खडक जरासा थरथरला तरी माझ्यातून वीज निघते, तारेने वर जाते आणि पडद्यावर रेघ हलते. खाणीत मला 'सात नंबर' म्हणतात.

मला मुद्दाम एका भेगेशेजारी बसवलं. हा साधा तडा नव्हे. फार पूर्वी इथे खडकाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांना घासून सरकले होते. शास्त्रात याला प्रस्तरभंग म्हणतात. माणसं खनिज काढतात तेव्हा पोकळी होते आणि तिथला भार बाजूच्या खडकावर येतो. एकसंध खडक तो वाटून घेतो. भेग मात्र तो नीट पलीकडे जाऊ देत नाही, एकाच अंगाला साठवते. म्हणून पहिल्या दिवसापासून माझा तिच्यावर विश्वास नव्हता.

बारा वर्षं रोज दुपारी सुरुंग उडाले की ती तासभर कुरकुरायची. मी सगळं वर कळवायचो. सुरुंगांचे आणि मशीनचे धक्के वरचं यंत्र गाळून टाकायचं, रेघेवर उरायची ती तिची कुरकुर. 'सात नंबरचा कान तिखट आहे,' असं माझं कौतुक व्हायचं.

एका सोमवारी सुरुंग उडाले आणि ती गप्प राहिली. मंगळवारीही. बुधवारीही. तिच्या पलीकडे, बोगद्याच्या टोकाला, सहा जण काम करत होते. त्यांत, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या फोरमनमामांचा जावई होता.

गुरुवारी सकाळी मामा आणि खडकांचा अभ्यास करणाऱ्या बाई माझ्याजवळ आल्या.

"थंड झालीय ती, बाई. उगाच संशय नको," मामा म्हणाले. "नाहीतर हा सात नंबरच मेला असेल. जुनाट माल!"

"मामा, घरी मामी तीन दिवस बोलल्या नाहीत, तर तुम्ही निवांत झोपता?"

"छे हो! काहीतरी बिनसलंय, हे लगेच कळतं."

"मग?"

मामा डोकं खाजवायला गेले, तर हाताला हेल्मेट लागलं.

आता संशयित आम्ही दोघं होतो, मी आणि भेग. मी मेलो असेन, तर मला बदलून काम चालू राहणार. मी जिवंत असेन, तर भेग अडकून ताण साठवत होती. बाईंनी माझ्याशेजारच्या खडकावर हातोडीचे तीन ठोके मारले आणि माझी रेघ दिसते त्या वरच्या खोलीत फोन लावला. "दिसले का?"

"तीनही दिसले, बाई. सात नंबर ठणठणीत आहे."

मामांचा चेहरा उतरला. ते स्वतःच टोकाकडे धावले.

"जावईबापू, मशीन सोडा! बाहेर चला!"

"मामा, सुरुंगाची दोनच भोकं राहिलीत."

"भोकं कुठे पळून जात नाहीत. तुम्ही पळा!"

शुक्रवारी दुपारी भेग सरकली. जेमतेम एक बोट. तेवढ्यानेच बोगद्याचं छत खाली आलं. मशीन गाडलं गेलं. तिथे माणूस मात्र एकही नव्हता. माझी तारही तुटली.

मला अजून सगळं ऐकू येतं. भेग पुन्हा गप्प आहे आणि मला तिचा अजिबात भरवसा नाही. अलीकडे दगड उपसल्याचे आवाज येतात. माणसं परतू लागली आहेत. मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणी वरच्या खोलीत बसलं, तर माझी सरळ रेघ पाहून 'सगळं ठीक' असं लिहू नका. ती शांतता नाही, तुटलेली तार आहे. आधी माझ्याशेजारी नवा कान बसवा. मगच माणसं पुढे पाठवा.